सुशीलाबाईंचं एक बोट

दयारामजी निनावेंनी जन्मात कधी स्वतःची चूक कबूल केली नव्हती, तेव्हा लॅपटॉपपुढे बसून ते ती करतील अशी आशा धरण्यात काही अर्थ नव्हता. लिहिलेला मजकूर गायब झाला की दोष लॅपटॉपचा. त्यातही कीबोर्डच्या खाली ती जी गुळगुळीत चौकोनी पट्टी असते, बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो ती, त्या ट्रॅकपॅडचा. जिथं माणूस मनगट टेकवते तिथंच सालं बटन देऊन ठेवलं, असं ते भिलाईच्या मरोद्यातल्या आपल्या घराच्या व्हरांड्यात बसून दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवत. हात लागला की बाण उडी मारतो, आपण लिहीत असतो एकीकडे आणि अक्षरं पडतात दुसरीकडे, परवा तर अख्खा परिच्छेद उडाला, ही रड गल्लीला पाठ झाली होती.

सुशीलाबाई आतल्या दिवाणावर बसून हे ऐकत आणि मनात म्हणत, निम्मं खरं आहे. निम्मा मजकूर यांच्या पंज्यानं उडतो. उरलेला निम्मा मी उडवते.

आता हे दयारामजी म्हणजे कोण, ते सांगितलं पाहिजे. त्यांच्या तोंडी दिवसातून वीस वेळा 'प्लांट' यायचं. प्लांटमध्ये असं होतं, प्लांटमध्ये तसं चालत नव्हतं. भिलाईत प्लांट म्हटलं की जो सरकारी पोलाद कारखाना डोळ्यांसमोर येतो, त्याच्या गेटच्या आत दयारामजी सगळ्या हयातीत चारदा गेले असतील, तेही पास काढून. त्यांची नोकरी पावर हाउस स्टेशनच्या पलीकडच्या एका खाजगी रोलिंग मिलमध्ये, इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून. ती मिल बंद पडली, तिथं आता भंगाराचं गोदाम आहे. पण गल्लीत निम्मे लोक खऱ्या प्लांटमधून रिटायर झालेले. ते समोर असले की दयारामजी 'आमच्याकडे' म्हणत आणि त्यांची पाठ वळली की पुन्हा 'प्लांट'. सुशीलाबाईंनी हा खेळ छत्तीस वर्षं पाहिला. सुरुवातीला लाज वाटायची, मग राग यायचा, आता नुसती कीव.

मिल गेली तरी मिलचा एक नियम मात्र दयारामजींनी घरी आणला होता, तो म्हणजे टॅगचा. कुठल्याही मशीनवर काम करायचं तर आधी पॅनलमधून तिची वीज तोडायची आणि पॅनलला लाल पत्र्याची पाटी तारेनं बांधायची. पाटीवर लिहिलेलं, 'आदमी काम पर है, चालू न करें', आणि खाली काम करणाऱ्याचं नाव. पाटी लटकते आहे तोवर मालक आला तरी मशीन चालू होत नाही. आणि ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची, दुसऱ्यानं हातही लावायचा नाही. नियम चोख आहे, त्यावर माणसांचे जीव टांगलेले असतात, त्याबद्दल सुशीलाबाईंची तक्रार नव्हती. तक्रार ही, की दयारामजी घरातल्या मिक्सरलाही टॅग लावत. पाण्याच्या मोटरला टॅग, पंख्याला टॅग. एकदा थंडीच्या दिवसांत गिझर उघडला, त्याला टॅग बांधला आणि अर्धवट काम टाकून हे भंडाऱ्याला लग्नाला निघून गेले. चार दिवस घरानं गार पाण्यानं आंघोळी केल्या. मुलगा अंकुर तेव्हा चौथीत, तो म्हणाला मी काढतो. सुशीलाबाईंनीच त्याला अडवलं. या माणसाकडे दुसरं काही नाही, एवढा एक नियम आहे, तो तरी राहू दे, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. आपल्या त्या मोठेपणाचा पुढे त्यांना फार पस्तावा झाला.

सुशीलाबाई मूळच्या वर्ध्याच्या, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या. भिलाईत येऊन त्या बी.ए.चं काय करायचं हा प्रश्नच होता, तेव्हा त्यांनी सुया हातात घेतल्या आणि अर्ध्या गल्लीला स्वेटरं विणून दिली. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात खांद्यापासून नुसता लटकायला लागला, उजवा पाय ओढत चालायची वेळ आली. वाचा शाबूत राहिली, डोकं शाबूत राहिलं, चीड तर दुप्पट झाली. दिवस दिवस दिवाणावर बसून भिंतीकडे पाहायचं आणि व्हरांड्यातून येणारं प्लांट-पुराण ऐकायचं, एवढंच आयुष्य उरलं.

मग अंकुरनं पुण्याहून आपला जुना लॅपटॉप पाठवला. तो पाठवला बाबांसाठी, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत नात समृद्धी आली आणि तिनं एका दुपारी तो उशीवर ठेवून आजीच्या मांडीवर दिला. आजी, याला एकच बोट लागतं, ती म्हणाली. सुशीलाबाईंनी डाव्या हाताचं पहिलं बोट त्या चौकोनी पट्टीवर ठेवलं आणि सरकवलं. पडद्यावरचा बाण सरकला. हलकंच टिचकी मारली, फोटोंचं पान उघडलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी केलेली कुठली तरी गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय झाली होती. त्या पोरीसमोर रडल्या. माऊस त्यांना जमत नव्हता, तो उशीवर राहत नाही, टेबल लागतं. आणि डाव्या हाताला थोडा कंप असल्यानं धरून दाबायला गेलं की भलतीकडेच जायचा. ट्रॅकपॅडला मात्र ते एक बोट पुरत होतं. समृद्धीनं त्यांना सगळं शिकवलं. कुठं टिचकी मारली की फाइल उघडते, शब्द कसा पकडायचा, ओळ कशी निळी करायची, आणि निळी झालेली ओळ एका बटणानं कशी पुसायची.

ही विद्या सुशीलाबाईंनी नवऱ्याला सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांनी तिच्यावर व्याख्यान दिलं असतं.

तेवढ्यात मंडळाच्या स्मरणिकेचं निघालं. आपल्या मराठी लोकांच्या मंडळाला पन्नास वर्षं झाली, तर जुन्या माणसांनी आपले अनुभव लिहून द्यावेत. दयारामजींना कुणी खास सांगितलं नव्हतं, पण ते लगेच जुन्या माणसांत जाऊन बसले. लेखाचं नाव 'माझी सेवायात्रा'. रोज सकाळी नऊ ते बारा हे टेबलावर लॅपटॉप घेऊन दोन बोटांनी टाइप करणार, दोन्ही मनगटं ट्रॅकपॅडवर म्हशीसारखी बसवणार, बाण उडाला की शिव्या घालणार. दुपारी तीनला मंडळात कॅरम खेळायला गेले की सुशीलाबाई पाय ओढत टेबलाशी जात, लॅपटॉप काखेत धरून दिवाणावर आणत आणि सेवायात्रा वाचत.

वाचून त्यांची करमणूकच झाली. दिल्लीहून आलेल्या इंजिनियरांनी म्हणे यांचा सल्ला घेतला होता. दिल्लीहून कुणी आलं असेल तर तो मालकाचा मेहुणा, आणि तो जेवायला आला होता. एका पानावर 'पत्नीला मी नेहमीच पूर्ण स्वातंत्र्य दिले' असंही वाक्य होतं. त्यावर त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या, पण ते राहू दिलं. मंडळातल्या बायकांनाही वाचताना हसायला काहीतरी पाहिजे.

नवव्या पानावर मात्र त्यांचं हसू गेलं. तिथं लिहिलं होतं, 'आमच्या विभागात आनंद सोनटक्के नावाचा एक अत्यंत निष्काळजी कर्मचारी होता. पॅनलवर टॅग न लावताच तो कन्व्हेयरमध्ये शिरला व स्वतःच्या बेफिकिरीने डाव्या हाताची दोन बोटे गमावून बसला. सुरक्षेचे महत्त्व न जाणणाऱ्यांसाठी हा धडा आहे.'

सुशीलाबाईंनी ते तीनदा वाचलं. अंगाची आग झाली. कारण खरं काय घडलं ते त्यांना चोवीस वर्षांपासून माहीत होतं. आनंदनं टॅग लावला होता. दयारामजींना शिफ्ट संपायच्या आत माल काढून दाखवायचा होता, कन्व्हेयरच्या सरकत्या पट्ट्यापाशी वाकून बघण्याएवढाही दम नव्हता, तेव्हा त्यांनीच टॅग काढून खिशात टाकला आणि मशीन सुरू केलं. चौकशीत म्हणाले, पॅनलवर टॅग नव्हता. फोरमनचा शब्द तो. आनंदची दोन बोटं गेली, वर नोकरीही गेली. अपघाताच्याच संध्याकाळी कपडे भिजवताना सुशीलाबाईंना शर्टाच्या खिशात लाल पाटी सापडली. आनंदचं अक्षर सुरेख, मंडळाच्या गणपतीचे बोर्डही तोच रंगवायचा; पाटीवर पांढऱ्या रंगानं त्यानं स्वतःचं नाव लिहिलेलं होतं आणि 'द'च्या शेपटीला एक वळण दिलेलं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा दयारामजी म्हणाले, कचरा आहे, फेक. त्यांनी फेकली नाही, ट्रंकेत रजईच्या खाली ठेवली.

ठेवली, आणि गप्प बसल्या. अंकुर पाचवीत होता, घर नवऱ्याच्या पगारावर चालत होतं, आणि कुणाकडे जाऊन काय सांगायचं तेही कळत नव्हतं. नवऱ्याचा त्यांना तिरस्कार वाटायचा तो तिथपासून. पण पोळी त्यांनीही त्याच पगाराची खाल्ली होती, आणि ते आठवलं की त्या तिरस्काराचा मोठा वाटा स्वतःकडेही येत असे.

आनंद चरोद्याला राहतो. रेल्वे कॉलनीच्या तोंडाशी त्याचं छोटं दुकान, आठ बोटांनी पंखे आणि मोटरी दुरुस्त करतो. मंडळाची वर्गणी दर वर्षी न चुकता देतो, म्हणजे स्मरणिका त्याच्या घरी जाणारच. एकदा चौकशीच्या कागदावर त्याचं नाव खराब झालं होतं, ते दहा माणसांनी वाचलं असेल. आता ते छापून मराठी माणसांच्या घरोघरी जाणार होतं, त्याच्या सुनेच्या, नातवंडांच्या हातात पडणार होतं. सुशीलाबाईंनी बोट ठेवलं, परिच्छेद निळा केला आणि पुसून टाकला. मग लॅपटॉप जिथल्या तिथं ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दयारामजींचा थयथयाट. ट्रॅकपॅडनं खाल्लं म्हणाले, आणि परिच्छेद पुन्हा लिहिला. सुशीलाबाईंनी पुन्हा पुसला. त्यांनी पुन्हा लिहिला. पण यात एक गोष्ट अशी झाली की तिचा विचार त्यांनी केलाच नव्हता. दर वेळी लिहिताना दयारामजींच्या हाताखाली आनंद जास्त वाईट होत गेला. पहिल्यांदा नुसता निष्काळजी होता. दुसऱ्यांदा कामचुकार झाला. तिसऱ्यांदा वाचलं तर तो ड्यूटीवर दारू पिऊन आला होता. बिचाऱ्या आनंदनं आयुष्यात कधी थेंब घेतला नव्हता, माळकरी बापाचा पोरगा तो. सुशीलाबाईंनी कपाळावर हात मारला आणि तेही पुसलं.

मग दयारामजींनी मनावर घेतलं. तीस वर्षं विजेच्या कामात काढलेल्या या गृहस्थांनी काय केलं, तर तारांना गुंडाळतात ती काळी टेप आणली आणि ट्रॅकपॅडवर पट्ट्या चिकटवल्या. इन्सुलेशन केलं म्हणाले, आता करंट येणार नाही. जणू त्यांच्या मनगटाला आजवर शॉकच बसत होता. दुपारी सुशीलाबाईंनी टेपवरून बोट फिरवलं, बाण नेहमीसारखा मुकाट्यानं चालला. टेप एवढी पातळ, तिच्याआडूनही पट्टीला बोट कळतं. त्यांनी चौथ्यांदा परिच्छेद पुसला. त्या दिवशी जरा मजाही आली, हे त्यांनी नंतर स्वतःशी कबूल केलं.

ती मजा फार टिकली नाही. दयारामजींनी अंकुरला फोन लावला. तो आधी टेपवर पोट धरून हसला आणि मग त्यानं सांगितलं की बाबा, सेटिंगमध्ये जा, टचपॅड असं लिहिलेलं असेल, ते बंद करा आणि माऊस लावा, म्हणजे चुकून हात लागण्याचा प्रश्नच मिटला. आई तो कसा वापरते हे त्यालाही ठाऊक नव्हतं, समृद्धीनं गुपित पाळलं होतं. पाच मिनिटांत ट्रॅकपॅड मेला. दयारामजींनी माऊस आणला, आणि तेवढ्यावर थांबले असते तर ते दयारामजी कसले. त्यांनी लाल पुठ्ठा कापला, त्यावर 'आदमी काम पर है, चालू न करें' लिहिलं, खाली 'द. निनावे', आणि तारेनं तो लॅपटॉपच्या पडद्याच्या कडेला, बिजागरीपाशी बांधला. बाहेर जाताना माऊस काढून शर्टाच्या खिशात. पॅनलची चावी ज्याचा टॅग त्याच्या खिशात असते म्हणाले.

सुशीलाबाईंनी त्या दुपारी ट्रॅकपॅडवर बोट फिरवून पाहिलं. बाण जागचा हलला नाही. एकेक बटण दाबून पाहिलं तर कॅल्क्युलेटर तेवढा उघडला आणि मिटेना. मांडीवर ते निर्जीव यंत्र घेऊन त्या बसून राहिल्या. स्मरणिकेला मजकूर द्यायची तारीख सोमवार होती, आणि हा गुरुवार होता. आपलं बोट पुन्हा कुणीतरी काढून घेतलं, आणि ज्यानं घेतलं त्याला ते घेतल्याचंही माहीत नाही, याचा त्यांना इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

संध्याकाळी त्यांनी सरळ विषय काढला. चोवीस वर्षांनी पहिल्यांदा.

"अवो, ते आनंदचं तेवढं काढून टाका. बाकी काय लिवायचं ते लिवा."

दयारामजी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "तू कावून वाचून राहिली माहं? तुले काय समजते त्यातलं. प्लांटची गोष्ट आहे ते."

तिनं कसं वाचलं, कधी वाचलं, एवढाही प्रश्न त्यांना पडला नाही. बायकोला काही येत असेल ही शक्यताच त्यांच्या हिशेबात नव्हती.

शुक्रवारी दयारामजी कॅरमला गेल्यावर त्या आतल्या खोलीत गेल्या. ट्रंकेचं झाकण डाव्या हातानं उचलून डोक्यानं तोलून धरलं, रजई ओढली, आणि तळातून ती पाटी काढली. पत्र्याला कडेनं गंज चढला होता, लाल रंग विटकरी झाला होता, पण नाव स्वच्छ होतं. टेबलाशी येऊन त्यांनी पाटी लॅपटॉपच्या दुसऱ्या बिजागरीला बांधायला घेतली. एका हातानं तार ओवायची, दातानं धरायची, बोटानं पीळ द्यायचा. अर्धा तास लागला. दयारामजींच्या पुठ्ठ्याला त्यांनी हात लावला नाही. तो जसा होता तसाच लटकत राहिला.

पाचला दयारामजी आले, चहा प्याले, आणि थोडं लिहावं म्हणून टेबलाशी बसले. माऊसची तार घालता घालता त्यांचा हात थांबला. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "हे कुठून आलं?"

"तुमच्याच खिशातून."

"काढ ते."

"मी नाही लावला," सुशीलाबाई म्हणाल्या. "ज्यानं लावला त्यानंच काढायचा. तुमीच शिकवलं आमाले."

खरं तर लावला त्यांनीच होता. पण नाव ज्याचं, टॅग त्याचा, आणि या घरात हे दयारामजींइतकं कुणाला माहीत नव्हतं. दोन हातांचा धडधाकट माणूस, तार सोडवायला असा किती वेळ लागतो. पण समोर दिवाणावर बायको बसून होती आणि त्यांच्या हाताकडे पाहत होती. एकदा त्यांनी हा टॅग काढला तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. आता काढला असता तर तेच पुन्हा, आणि बायकोच्या डोळ्यांदेखत. त्यांचा हात दोनदा तारेपर्यंत गेला आणि मागे आला. मग ते उठून व्हरांड्यात जाऊन बसले. शनिवारी सबंध दिवस गल्लीला प्लांट ऐकू आला नाही. दूधवाल्यानं तर तब्येत विचारली.

शनिवारी दुपारी सुशीलाबाईंनी आनंदला फोन केला. तुमची एक वस्तू माझ्याकडे आहे, चोवीस वर्षं झाली, येऊन घेऊन जा, एवढंच सांगितलं. काय वस्तू ते त्यानं विचारलं नाही.

रविवारी सकाळी आनंद स्कूटरवर आला. साठीचा, केस पांढरे, शर्टाला मोटरच्या तेलाचा डाग. दयारामजींना नमस्कार घातला, वहिनींची तब्येत विचारली आणि सांगितलं तिथं, टेबलापाशी गेला. पाटी उलटी करून त्यानं पाहिली, आपल्याच नावावरून अंगठा फिरवला. 'द'च्या वळणापाशी तो अंगठा जरा थांबला.

"निनावेजी," तो म्हणाला, "हा त पॅनलवर नोता ना?"

दयारामजी खुर्चीत बसून होते. बोलल्या त्या सुशीलाबाई. हा माझ्यापाशी होता, मला सगळं कळलं होतं आणि मी बोलले नाही, माझंही चुकलं, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. आनंद मनानं चांगला माणूस, तो जाऊ द्या वहिनी म्हणेल असं त्यांना कुठंतरी वाटत होतं. तो तसं म्हणाला नाही.

"तवाच बोलायचं होतं, वयनी," तो म्हणाला.

मग त्यानं तार सोडवायला घेतली. डाव्या हाताला तीनच बोटं, आणि सुशीलाबाईंनी दातानं दिलेला पीळ घट्ट बसलेला. तीन बोटं तारेवरून घसरत होती. ते पाहवेना म्हणून की काय, दयारामजी खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात पुढे केला.

"राहू द्या, निनावेजी. माहा टॅग आहे."

दयारामजींचा हात तिथंच राहिला. आनंदनं सावकाश, एकेक पीळ उलगडत तार सोडवली, पाटी शर्टाच्या खिशात घातली, वरून खिसा थोपटला. चहाला थांबला नाही. दुकान उघडायचं आहे म्हणाला आणि गेला. स्कूटरचा आवाज मोठ्या रस्त्याला लागला.

"आता तुमचा काढा," सुशीलाबाई म्हणाल्या. "अन् ते बोटाची पट्टी बी चालू करा, मले लागते."

दयारामजींनी पुठ्ठा काढला. ट्रॅकपॅड परत चालू करायला त्यांना पुन्हा अंकुरला फोन करावा लागला, आणि कशाला म्हणून त्यानं विचारलं तर यांना सांगता येईना. मग ते लिहायला बसले. नवव्या पानावरचा परिच्छेद त्यांनी स्वतः पुसला, आणि त्या जागी दोन ओळी लिहायला त्यांना दुपारचे तीन वाजले. मनगटं सबंध वेळ हवेत धरली होती, बाणानं एकदाही उडी मारली नाही. कॅरमला गेले नाहीत. लॅपटॉप उचलून त्यांनी उशीसकट बायकोच्या मांडीवर आणून ठेवला आणि भिंतीकडे पाहत उभे राहिले.

सुशीलाबाईंनी वाचलं. 'त्या दिवशी पॅनलवर आनंद सोनटक्के यांचा टॅग होता. तो माझ्या हातून अनवधानाने निघाला.'

चोवीस वर्षांनी, हातपाय आपटून, एवढं सगळं होऊनही या माणसाला अजून एक शब्द आडोशाला लागत होता. सुशीलाबाईंनी नवऱ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हाताचं बोट ट्रॅकपॅडवर ठेवलं, बाण 'अनवधानाने'वर नेला, तो शब्द निळा केला आणि पुसला. 'माझ्या हातून' पुसलं, 'निघाला' पुसलं. मग त्याच एका बोटानं अक्षर अक्षर शोधत त्यांनी टाइप केलं, आणि वाक्य झालं, 'तो मी काढला.'

दयारामजी बाजूला उभे राहून त्या बोटाकडे बघत होते. हात लागून उडालं, असं ते या वेळी म्हणाले नाहीत.